लॅम्ब्डामधे न पकडलेले एक्सेप्शन एकाच जागी कसे हाताळायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे की नोडमधे, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमधे, लिहिलेली बरीच लॅम्ब्डा फंक्शन्स (एडब्ल्यूएसच्या क्लाउडवर, सर्व्हर स्वतः न सांभाळता चालणारा कोड) आहेत, काही एपीआय गेटवेच्या (वेबवरची रिक्वेस्ट फंक्शनकडे देणारी सेवा) मागे, काही एसक्यूएसवर (मेसेजची रांग, म्हणजे क्यू), एकदोन एस३ मधे (फाइल साठवायची सेवा) फाइल पडली की चालतात. प्रत्येक हँडलरमधे (इव्हेंट आला की लॅम्ब्डा जे फंक्शन बोलावते त्यात) तेच ते ट्राय-कॅच लिहायचा कंटाळा आला म्हणून एका कॉमन फाइलमधे प्रोसेसवर अनकॉट एक्सेप्शनचा (कुठेच न पकडलेल्या एररचा) लिसनर, म्हणजे तो आला की चालणारं फंक्शन, लावला आणि तिथून स्लॅकवर मेसेज पाठवायचं ठरवलं, कारण आधीच्या एक्सप्रेस सर्व्हरवर हेच व्यवस्थित चालत होतं. आता मेसेज कधी येतो, कधी येतच नाही, आणि कधी भलत्याच रिक्वेस्टच्या नावाने येतो. मग सर्व्हरलेसमधे, म्हणजे लॅम्ब्डासारख्या ठिकाणी, सगळ्यांसाठी एकच ग्लोबल एरर हँडलर लावायचा तरी कसा?

आधी सरळ उत्तर देतो, कारणं नंतर. लॅम्ब्डामधे प्रोसेस लेव्हलचा लिसनर तुमचा मुख्य एरर हँडलर होऊ शकत नाही. मुख्य एरर हँडलर म्हणजे एक्सपोर्ट केलेल्या फंक्शनभोवती घातलेला एक रॅपर. त्या रॅपरच्या हाताबाहेर जे जातं, म्हणजे टाइमआउट, मेमरी संपणं, इम्पोर्टच्या वेळचा एरर, त्यासाठी फंक्शनच्या बाहेरून लॉग आणि मेट्रिकवर (मोजलेल्या आकड्यांवर) लक्ष ठेवणारी वेगळी सोय लागते. आणि एरर पकडल्यावर पुढे काय करायचं हे त्या फंक्शनला बोलावणारा कोण आहे त्यावर ठरतं. ह्या शेवटच्या गोष्टीत सगळ्यात जास्त नुकसान होताना मी पाहिलंय, त्यामुळे तिच्यावर जरा जास्त लिहितो.

लिसनर का चालत नाही ते आधी बघू. लॅम्ब्डात तुमचा कोड एकटा नसतो. जी नोड प्रोसेस सुरू होते ती एडब्ल्यूएसच्या रनटाइम क्लायंटची असते, तो तुमची फाइल लोड करतो, मग रनटाइम एपीआयकडे (लॅम्ब्डा सेवेशी बोलायचा दुवा) पुढचा इव्हेंट मागतो, इव्हेंट मिळाला की तुमचा हँडलर बोलावतो, उत्तर परत पोस्ट करतो आणि पुन्हा पुढचा मागतो. हा क्लायंट तुमची फाइल लोड व्हायच्या आधीच अनकॉट एक्सेप्शन आणि अनहँडल्ड रिजेक्शन (प्रॉमिस, म्हणजे नंतर पूर्ण होणारं काम, फसलं आणि कोणी पकडलं नाही) ह्या दोन्हींवर स्वतःचे लिसनर लावून बसलेला असतो. नोडमधे एका इव्हेंटवर दोन लिसनर असले की लावलेल्या क्रमाने दोन्ही चालतात, म्हणजे आधी त्यांचा, मग तुमचा. त्यांचा लिसनर एरर रनटाइम एपीआयला पोस्ट करतो आणि पोस्ट पोचली की प्रोसेस संपवतो, अनकॉटसाठी एक्झिट कोड १२९ आणि रिजेक्शनसाठी १२८. ही पोस्ट त्याच मशीनच्या आतल्या आत होते, तिला वेळ लागत नाही. तुमची स्लॅकची रिक्वेस्ट मात्र आधी डीएनएस, मग टीएलएस हँडशेक, मग प्रत्यक्ष पोस्ट अशी बाहेर जाणार, तोवर प्रोसेस संपलेली असते. कधीतरी कनेक्शन आधीच उघडं असेल तर मेसेज निसटून जातो, म्हणून कधी येतो आणि कधी येत नाही.

ह्यावर एक उपाय सगळीकडे सापडतो, की रनटाइमचे लिसनर आधी काढून टाका आणि फक्त आपला ठेवा. कृपया करू नका. लिसनर काढला की ह्या इन्व्होकेशनमधे (फंक्शनच्या ह्या बोलावण्यात) एरर आला हे रनटाइम एपीआयला सांगणारं कोणी उरत नाही. तुम्ही प्रोसेस बंद केली नाहीत तर ती रिक्वेस्ट टाइमआउटपर्यंत तशीच लटकते आणि तेवढ्या वेळाचं बिलही लागतं, आणि बंद केलीत तर लॉगमधे मूळ एररऐवजी फक्त रनटाइम डॉट एक्झिटएरर आणि एक्झिट स्टेटस एवढंच दिसतं, म्हणजे जे कळायला हवं होतं तेच गेलं. शिवाय अनकॉट एक्सेप्शननंतर प्रोसेस तशीच पुढे चालवणं सुरक्षित नाही असं नोडच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमधे स्पष्ट लिहिलंय. कुठलं ट्रान्झॅक्शन अर्धवट राहिलं, कुठला लॉक तसाच राहिला, कोणालाच माहीत नसतं.

लिसनरचा थोडा उपयोग आहे, पण तो फक्त नोंद करण्यापुरता आणि तीही सिंक्रोनस. नोडमधे अनकॉट एक्सेप्शन मॉनिटर नावाचा वेगळा इव्हेंट आहे, तो बाकीच्या लिसनरच्या आधी चालतो आणि कोणाच्या वागण्यात ढवळाढवळ करत नाही. त्यात एक ओळ जेसॉन लॉग लिहा, स्टॅक ट्रेस आणि तुमच्याकडे असेल तो रिक्वेस्ट आयडी घालून, आणि थांबा. अनहँडल्ड रिजेक्शन ह्या मॉनिटरकडे येत नाही कारण रनटाइमचा लिसनर ते आधीच उचलतो, त्यामुळे त्यासाठी वेगळा लिसनर लावून तीच एक ओळ तिथेही लिहा. लॅम्ब्डात कन्सोलवर लिहिलेलं सिंक्रोनस जातं त्यामुळे ती ओळ हरवत नाही. नेटवर्क कॉल, डेटाबेस, अवेट (प्रॉमिस संपेपर्यंत थांबणं), ह्यातलं काहीही तिथे नको.

आता भलत्या रिक्वेस्टच्या नावाने एरर येतो त्याबद्दल. हे एकदा नीट समजलं की सर्व्हरलेसमधले निम्मे विचित्र एरर आपोआप उलगडतात. असिंक हँडलरचं प्रॉमिस पूर्ण झालं की लॅम्ब्डा उत्तर पाठवते आणि एन्व्हायर्नमेंट (तुमची प्रोसेस चालते ती जागा) गोठवते, मागे काय चालू आहे ते बघत नाही. समजा ऑर्डर सेव्ह करणाऱ्या हँडलरमधे ऑडिटची नोंद करणारा एक कॉल आहे आणि त्याच्यापुढे अवेट लावायचं राहिलंय. ऑर्डर सेव्ह झाली, ग्राहकाला २०० गेला, आणि ऑडिटचा कॉल अर्ध्यात असताना सगळं गोठलं. पाच-दहा मिनिटांनी दुसऱ्याच कोणाची रिक्वेस्ट त्याच एन्व्हायर्नमेंटवर आली, प्रोसेस जागी झाली, तो जुना सॉकेट एव्हाना समोरच्या बाजूने बंद झालेला, त्यामुळे ते जुनं प्रॉमिस रिजेक्ट झालं, कोणी पकडलं नाही, आणि रनटाइमने तो एरर आत्ता चालू असलेल्या रिक्वेस्टच्या आयडीवर पोस्ट करून प्रोसेस संपवली. लॉगमधे हे असं दिसतं: नवीन रिक्वेस्टची स्टार्ट ओळ, तिच्यानंतर दोन-चार मिलिसेकंदात रनटाइम डॉट अनहँडल्डप्रॉमिसरिजेक्शन, आणि स्टॅक ट्रेसमधे अशी फाइल जिला ही रिक्वेस्ट हातही लावत नाही. ज्या माणसाने फक्त प्रॉडक्टची यादी मागितली त्याला एरर मिळाला आणि ज्याची ऑडिट नोंद गेली त्याच्या रिक्वेस्टवर सगळं हिरवं. स्टार्टनंतर इतक्या लगेच आणि असंबंधित फाइलमधून आलेला एरर दिसला की मी आधी मागची रिक्वेस्ट शोधतो, त्याच लॉग स्ट्रीममधे वर सरकलं की सापडते. वेळ बघताना लॉगमधली वेळ यूटीसी आहे हे लक्षात ठेवा, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे, ग्राहकाच्या तक्रारीतली वेळ तशीच शोधली तर भलतीच जागा उघडते.

ह्यावर कोणताही ग्लोबल हँडलर उपाय नाही, उपाय एकच, की परत जायच्या आधी सुरू केलेलं प्रत्येक प्रॉमिस संपलं पाहिजे. टाइपस्क्रिप्ट असेल तर ईएसलिंटचा (कोड तपासणारं टूल) फ्लोटिंग, म्हणजे अवेट न केलेलं, प्रॉमिस पकडणारा नियम एररवर ठेवा, वॉर्निंगवर नको कारण वॉर्निंग कोणी वाचत नाही. जी कामं बिघडली तरी चालतील ती एका यादीत गोळा करा आणि शेवटी प्रॉमिस डॉट ऑलसेटल्डवर अवेट करा. कॉलबॅकवाला जुना हँडलर असेल तर त्याचं गणित वेगळं होतं, तो इव्हेंट लूप रिकामा व्हायची वाट बघायचा, पण नोड २४ च्या रनटाइमपासून लॅम्ब्डाने कॉलबॅकवाले हँडलर बंद केलेत, त्यामुळे त्याच्यावर नवीन काही उभारू नका.

ह्याच जातीचा अजून एक एरर आहे, पोस्टग्रेस डेटाबेसचा पूल (उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) वापरणाऱ्यांना हमखास भेटणारा. पूल मॉड्यूलच्या वर बनवलेला असतो, त्यातलं एक कनेक्शन रिकामं पडलेलं, एन्व्हायर्नमेंट गोठलेलं, तेवढ्यात डेटाबेसने किंवा मधल्या कोणीतरी ते कनेक्शन तोडलं. मधे नॅट गेटवे (आतलं नेटवर्क बाहेर इंटरनेटला जोडणारा) असेल तर ३५० सेकंद शांत राहिलेलं कनेक्शन तो सोडूनच देतो. जाग आल्यावर पूल एरर नावाचा इव्हेंट फेकतो, आणि नोडचा नियम असा आहे की इव्हेंट एमिटरने एरर फेकला आणि ऐकणारं कोणी नसेल तर तो सरळ अनकॉट एक्सेप्शन होतो. तुमचा ट्राय-कॅच कितीही चांगला असला तरी हा त्यात येणार नाही, कारण हा तुमच्या अवेटच्या साखळीतून येतच नाही. पूलवर एररचा लिसनर लावा, त्यात नोंद करा आणि सोडून द्या, पूल ते कनेक्शन स्वतः काढून टाकतो. स्ट्रीम, वेबसॉकेट, रेडिसचा क्लायंट, सगळ्यांना हाच नियम. सेटटाइमआउटच्या कॉलबॅकमधे फेकलेला एररही असाच साखळीबाहेरचा.

आता रॅपर. हे अगदी छोटं फंक्शन असतं, हँडलर घेतं आणि नवीन हँडलर परत देतं, आत ट्राय, त्यात मूळ हँडलरवर रिटर्न अवेट, आणि कॅच. इथे अवेट महत्त्वाचा आहे. नुसतं रिटर्न लिहिलं तर प्रॉमिस तसंच बाहेर निघून जातं आणि तुमचा कॅच कधीच चालत नाही, दिसायला सगळं बरोबर दिसतं आणि रिव्ह्यूमधूनही सुटतं. मिडी (लॅम्ब्डासाठीची मिडलवेअर लायब्ररी) वापरत असाल तर त्याचा ऑनएरर हेच काम करतो, पण एवढ्यासाठीच मिडी आणायची गरज नाही.

कॅचमधे आल्यावर पहिल्यांदा जे आलंय ते खरंच एरर ऑब्जेक्ट आहे का बघा, कारण जावास्क्रिप्टमधे काहीही फेकता येतं, कोणी स्ट्रिंग फेकतं, एखादी जुनी लायब्ररी साधा ऑब्जेक्ट फेकते, कधी अनडिफाइन्डही येतो आणि मग त्याचा मेसेज वाचायला गेलात की तुमचा एरर हँडलरच कोसळतो. मग एकाच ओळीत जेसॉन लिहा, एररचं नाव, मेसेज, स्टॅक, त्याच्या आतला मूळ कॉज, रिक्वेस्ट आयडी, फंक्शनचं नाव आणि व्हर्जन. जेसॉन बनवतानासुद्धा एरर येऊ शकतो, स्वतःकडेच परत येणारा रेफरन्स असला किंवा बिगइंट असला की स्ट्रिंगिफाय फेकतो, त्यामुळे तेही आतल्या एका ट्राय-कॅचमधे असू द्या.

आणि अख्खा इव्हेंट लॉग करू नका, अख्खा एरर ऑब्जेक्टही नको. इव्हेंटमधे लोकांचे मोबाइल नंबर, पॅन, पत्ते असतात. अ‍ॅक्सिओसच्या एररमधे रिक्वेस्टचा सगळा कॉन्फिग असतो, त्यात ऑथोरायझेशनचा हेडर असतो, आणि तो टोकन मग क्लाउडवॉचमधे (एडब्ल्यूएसची लॉग आणि मेट्रिकची सेवा) ज्याला ज्याला लॉग वाचता येतात त्या प्रत्येकाला दिसतो. एरर शोधायला काय काय लागतं त्याची यादी ठरवा आणि तेवढंच लिहा. काय गाळायचं त्याची यादी केलीत तर नवीन फील्ड आलं की ते उघडं पडतं.

स्लॅकचा कॉल रॅपरमधे ठेवू नका. डेटाबेस पडला की प्रत्येक रिक्वेस्ट फेल होणार, प्रत्येक फेल रिक्वेस्ट स्लॅकला मेसेज पाठवणार, स्लॅक रेट लिमिट लावणार, त्या कॉलची वाट बघत फंक्शन जास्त वेळ चालणार, आणि ग्राहकाला एररसुद्धा उशिरा मिळणार. फंक्शनने फक्त लॉग लिहायचा. लॉगवरून मेट्रिक, मेट्रिकवरून अलार्म, अलार्मवरून एसएनएस (सूचना पुढे पाठवणारी सेवा) आणि तिथून स्लॅक, हे सगळं फंक्शनच्या बाहेर.

आता मुख्य मुद्दा, की कॅचच्या शेवटी रिटर्न करायचं की पुन्हा थ्रो करायचं.

एपीआय गेटवेच्या मागचं फंक्शन असेल तर रिटर्न. स्टेटस कोड ५००, बॉडीमधे एक साधं वाक्य आणि रिक्वेस्ट आयडी, आणि कॉर्सचे हेडर (दुसऱ्या डोमेनवरच्या पानाला उत्तर वाचू देणारे). स्टॅक ट्रेस बाहेर पाठवायचा नाही. थ्रो केलंत तर रेस्ट एपीआयमधे गेटवे ५०२ देतो, बॉडीमधे नुसतं इंटर्नल सर्व्हर एरर, आणि त्या उत्तरात कॉर्सचे हेडर नसतात म्हणून ब्राउझरच्या कन्सोलमधे कॉर्स एरर दिसतो. मग फ्रंटएंडवाले दिवसभर कॉर्सची सेटिंग तपासत बसतात आणि खरा प्रॉब्लेम कुठल्यातरी नलवर (रिकाम्या व्हॅल्यूवर) डॉट लावण्याचा असतो. रॅपरपर्यंत गोष्ट पोचलीच नाही अशा वेळेसाठी रेस्ट एपीआयमधे गेटवे रिस्पॉन्सची सोय आहे, तिथे डीफॉल्ट ५एक्सएक्सला कॉर्सचे हेडर लावून ठेवा. आणि हे पक्कं लक्षात असू द्या की तुम्ही ५०० रिटर्न केलात म्हणजे लॅम्ब्डाच्या दृष्टीने फंक्शन यशस्वी झालं, तिचा एरर्स मेट्रिक शून्यावरच राहतो. म्हणून अशा फंक्शनसाठी अलार्म गेटवेच्या ५एक्सएक्स मेट्रिकवर किंवा तुमच्या लॉगवरून काढलेल्या मेट्रिकवर हवा. चुकीचा इनपुट, न सापडलेली नोंद, परवानगी नाही, ह्यांचे स्वतःचे एरर क्लास करा आणि रॅपरमधे त्यांना ४०० च्या घरातले कोड द्या, नाहीतर अलार्म रोज वाजेल आणि आठवड्याभरात लोक तो म्यूट करतील.

एस३, एसएनएस, इव्हेंटब्रिज (इव्हेंट वाटणारी सेवा) ह्यांच्याकडून येणारं काम असिंक्रोनस असतं, तिथे नोंद करा आणि पुन्हा थ्रो करा. इथे थ्रो करणं हाच लॅम्ब्डाला सांगायचा मार्ग आहे की काम झालं नाही. फंक्शनने एरर दिला तर लॅम्ब्डा अजून दोनदा प्रयत्न करते, पहिल्यानंतर साधारण एका मिनिटाने आणि दुसऱ्यानंतर दोन मिनिटांनी, आणि तरी नाही जमलं तर इव्हेंट तुम्ही ठरवलेल्या डेड लेटर क्यूमधे (फसलेल्या मेसेजची वेगळी क्यू) किंवा फेल्युअर डेस्टिनेशनला जातो. काहीच ठरवलं नसेल तर इव्हेंट जातो तो जातोच. मला डेस्टिनेशन जास्त आवडतं, २०१९ च्या शेवटी आलं ते, कारण त्यात मूळ इव्हेंटबरोबर फंक्शनने दिलेला एररसुद्धा येतो, डेड लेटर क्यूमधे मुख्यतः मूळ इव्हेंटच मिळतो. अर्थात तीनदा चालणार म्हणजे अर्ध्यात फुटलेलं कामही तीनदा सुरू होणार, ग्राहकाला तोच एसएमएस तीनदा जाऊ शकतो, त्यामुळे हँडलर आयडेम्पोटंट (तेच काम पुन्हा आलं तरी परिणाम एकदाच होणारा) असणं ह्याच कामाचा भाग समजा.

एसक्यूएसवर सगळ्यात जास्त जपायला हवं. एका ठिकाणी मी असं पाहिलं की टीमने एकच रॅपर सगळ्या फंक्शन्सना लावला होता, एचटीटीपीसाठी लिहिलेला, ५०० रिटर्न करणारा. इनव्हॉइस बनवणारं क्यूवरचं फंक्शनही त्यातच होतं. पीडीएफ बनवताना एरर आला की रॅपर शांतपणे ५०० रिटर्न करायचा, लॅम्ब्डाला ते यश वाटायचं, मेसेज क्यूमधून डिलीट व्हायचा. डेड लेटर क्यू रिकामी, एरर्स शून्य, डॅशबोर्ड हिरवागार, आणि कळलं तेव्हा ग्राहक इनव्हॉइस मागायला लागले होते. मेसेज तोवर गेलेले, लॉगमधून ऑर्डर नंबर वेचून परत भरावे लागले. लॉग होता म्हणून निदान वेचता तरी आले.

क्यूसाठी रॅपर असा हवा की तो प्रत्येक रेकॉर्डभोवती वेगळा ट्राय-कॅच घालेल, जे फसले त्यांचे मेसेज आयडी गोळा करेल आणि बॅच आयटम फेल्युअर्सच्या यादीत परत देईल. ही अर्धवट बॅच कळवायची सोय २०२१ पासून आहे पण ती इव्हेंट सोर्स मॅपिंगवर (क्यू आणि फंक्शन जोडणारी सेटिंग) चालू करावी लागते, नुसतं रिटर्न करून भागत नाही. चालू न करता यादी परत दिलीत तर तेही पूर्ण यश समजलं जातं आणि फसलेले मेसेजसुद्धा डिलीट होतात, पुन्हा तीच इनव्हॉइसची गोष्ट. ही सोय न वापरता सरळ थ्रो केलंत तर अख्खी बॅच परत येते, म्हणजे दहातले नऊ झालेले मेसेज पुन्हा चालणार. फिफो क्यू (आलेल्या क्रमानेच चालणारी) असेल तर पहिला फसला की तिथेच थांबा आणि उरलेले सगळे फसलेले म्हणून कळवा, नाहीतर क्रम बिघडतो. क्यूचा व्हिजिबिलिटी टाइमआउट (उचललेला मेसेज बाकीच्यांना दिसत नाही तो वेळ) फंक्शनच्या टाइमआउटच्या निदान सहापट ठेवा असं एडब्ल्यूएसच सांगतं, ते ऐका.

किनेसिस आणि डायनॅमोडीबी स्ट्रीममधे (ओळीने येणाऱ्या रेकॉर्डचा प्रवाह) थ्रो केलंत की तो शार्ड (प्रवाहाचा एक भाग) अडतो, तीच बॅच पुन्हा पुन्हा येते, आणि डीफॉल्ट सेटिंगला रेकॉर्डची मुदत संपेपर्यंत हे चालतं, डायनॅमोडीबीच्या स्ट्रीममधे २४ तास. एका खराब रेकॉर्डमुळे मागचे सगळे अडकतात. रीट्रायची मर्यादा, एररवर बॅच दोन भागात तोडणं आणि फेल्युअर डेस्टिनेशन, तिन्ही सेट करा.

स्टेप फंक्शन्समधून (टप्प्याटप्प्याचं काम चालवणारी सेवा) बोलावलेलं असेल तर थ्रोच, आणि एररचं नाव बदलू नका. रीट्राय कशावर आणि कॅच कशावर हे तिथे एररच्या नावावरून ठरतं, रॅपरने सगळं एका सरसकट एररमधे गुंडाळलं तर तिथे लिहिलेले नियम लागूच होत नाहीत.

म्हणजे रॅपर एक असला तरी त्याला तीन-चार तोंडं लागतात. मी एकच कॉमन पॅकेज ठेवतो, त्यात एचटीटीपी, असिंक, क्यू आणि स्ट्रीम अशी वेगळी नावं असलेली फंक्शन्स, आतली नोंद करायची पद्धत सगळ्यांची एकच. इव्हेंटचा आकार बघून प्रकार ओळखणारा हुशार रॅपर लिहायचा मोह होतो, तो टाळा, कोणता प्रकार आहे हे हँडलर लिहिणाऱ्याने नाव घेऊन सांगू दे, वाचणाऱ्यालाही ते कळतं.

आता जे रॅपरच्या पलीकडे आहे ते. टाइमआउट हा एक्सेप्शनच नाही. वेळ संपली की लॅम्ब्डा प्रोसेस मारते, तुमचा कॅच, फायनली, लिसनर, काहीही चालत नाही, लॉगमधे फक्त टास्क टाइम्ड आउट एवढं येतं. डीफॉल्ट टाइमआउट ३ सेकंद, जास्तीत जास्त १५ मिनिटं, आणि एपीआय गेटवेची स्वतःची डीफॉल्ट मर्यादा २९ सेकंद, त्यामुळे त्याच्या मागच्या फंक्शनला १ मिनिट देऊन काही मिळत नाही, ग्राहकाला २९ व्या सेकंदाला एरर गेलेला असतो. रॅपरमधे एक टायमर लावता येतो, कॉन्टेक्स्टकडून (हँडलरला इव्हेंटबरोबर मिळणारा ऑब्जेक्ट) उरलेला वेळ विचारायचा, त्यातून अर्धा सेकंद वजा करायचा आणि तेवढ्या वेळाने स्वतःच टाइमआउटचा एरर द्यायचा, म्हणजे निदान कुठल्या टप्प्यावर होतो ते नोंदवता येतं. काम वेळेत झालं की टायमर काढायला विसरू नका, नाहीतर तोच पुढच्या रिक्वेस्टमधे फुटतो. इव्हेंट लूप एखाद्या मोठ्या सिंक्रोनस कामाने अडवलेला असेल तर हा टायमर चालणार नाही. खरा उपाय म्हणजे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कॉलला स्वतःचा छोटा टाइमआउट द्या, बहुतेक वेळा एकच कुठलातरी कॉल अडकलेला असतो.

मेमरी संपली तर रनटाइम डॉट एक्झिटएरर आणि सिग्नल किल्ड दिसतं, खात्री करायला रिपोर्टच्या ओळीत मॅक्स मेमरी यूज्ड बघा, मेमरी साइजला चिकटली असेल तर तेच कारण. आणि फाइल लोड होतानाच फुटलं, म्हणजे पॅकेज बंडलमधे आलं नाही, किंवा वरच्या पातळीवर सीक्रेट आणताना एरर आला, तर हँडलरच अस्तित्वात येत नाही, रॅपर कुठून चालणार. हा प्रकार डिप्लॉयनंतर पहिल्या मिनिटात कळायला हवा, म्हणून डिप्लॉयच्या शेवटी प्रत्येक फंक्शनला एकदा बोलावून बघणारी स्मोक टेस्ट ठेवा.

ह्या सगळ्यासाठी बाहेरचं जाळं. प्रत्येक फंक्शनला एरर्स मेट्रिकवर अलार्म, प्रत्येक डेड लेटर क्यूवर एक मेसेज आला तरी वाजणारा अलार्म, आणि लॉग ग्रुपवर सबस्क्रिप्शन फिल्टर जो टास्क टाइम्ड आउट, रनटाइम डॉटने सुरू होणारे एरर आणि तुमच्या जेसॉनमधली एररची लेव्हल पकडून एका वेगळ्या फंक्शनला देतो. एकत्र करणं, सारखे एरर एका मेसेजमधे बसवणं आणि स्लॅकला पाठवणं हे त्या फंक्शनचं काम. तुम्हाला जो ग्लोबल हँडलर हवा होता तो खरं म्हणजे हा. ह्याच्या स्वतःच्या लॉग ग्रुपवर मात्र तोच फिल्टर लावू नका, नाहीतर त्याचा एरर त्यालाच बोलावत राहतो आणि बिल सुसाट पळतं. हे सगळं हाताने कन्सोलमधून करू नका, सीडीके किंवा टेराफॉर्म (क्लाउडची मांडणी कोडमधे लिहायची टूल) जे असेल त्यात फंक्शन बनवणारा एकच कॉमन तुकडा ठेवा, म्हणजे नवीन फंक्शन अलार्मशिवाय जन्मालाच येणार नाही. एक्सटेन्शन (फंक्शनबरोबर चालणारा जोडप्रोग्रॅम) लिहूनही बरंच करता येतं, एक्सटर्नल एक्सटेन्शन असेल तर शटडाउनला २ सेकंद मिळतात आणि कारण टाइमआउट की फेल्युअर तेही कळतं, पण तेवढा व्याप मॉनिटरिंग विकणाऱ्या कंपन्यांना परवडतो, एका टीमला सहसा गरज पडत नाही.

पायथनमधे काम करणाऱ्यांसाठी थोडक्यात, तिथे सिस्टिमचा एक्सेप्ट हुक (न पकडलेल्या एक्सेप्शनवर चालणारं फंक्शन) बदलून उपयोग नाही कारण हँडलरचा एक्सेप्शन लॅम्ब्डाचा बूटस्ट्रॅप (हँडलर बोलावणारा कोड) स्वतःच पकडतो, हुकपर्यंत तो जातच नाही. डेकोरेटर (फंक्शनला गुंडाळणारं फंक्शन) हाच तिथला रॅपर. वेगळ्या थ्रेडमधे फुटलेला एक्सेप्शन मात्र फक्त लॉगमधे छापला जातो आणि हँडलर यशस्वी म्हणून परततो, त्यामुळे फ्यूचर (थ्रेडमधल्या कामाचा निकाल देणारा ऑब्जेक्ट) वापरा आणि प्रत्येकाचा रिझल्ट मागा, मागितला की एक्सेप्शन तिथे पुन्हा उठतो. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडच्या डॉटनेट आयसोलेटेड वर्करमधे मिडलवेअरची तयार सोय आहे, तिथे हे काम बरंच सोपं आहे.

बसवून झालं की डेव्ह अकाउंटवर एक मुद्दाम बिघडणारं फंक्शन टाका. इव्हेंटमधल्या एका शब्दावरून ते कधी हँडलरमधे थ्रो करेल, कधी सेटटाइमआउटच्या आत, कधी अवेट न केलेलं प्रॉमिस रिजेक्ट करेल, कधी अनंत लूपमधे जाईल, कधी अ‍ॅरे भरत मेमरी संपवेल. प्रत्येक प्रकार चालवा आणि स्लॅकवर काय आलं, किती वेळात आलं, रिक्वेस्ट आयडी बरोबर होता का ते बघा. रिजेक्शनवाला प्रकार लागोपाठ दोन रिक्वेस्ट पाठवून बघा, एका रिक्वेस्टमधे तो दिसेलच असं नाही. आणि तुमच्याकडे जी फंक्शन्स आत्ता प्रॉडक्शनमधे आहेत त्यात सुरुवात एसक्यूएसवाल्यांपासून करा, त्यांचा कॅच शेवटी काय करतो ते आजच उघडून बघा, कारण एचटीटीपीचा एरर ग्राहक ओरडून सांगतो, क्यूमधून डिलीट झालेला मेसेज कोणीच सांगत नाही.